जीभ जड होते तेव्हा



धाराशिव जिल्ह्यातील पारधी वस्त्यांवर आरोग्याचे काम करताना "जीभ जड झालीय" हे वाक्य मला वरचेवर ऐकायला मिळते. कधी ते म्हाताऱ्या माणसाबद्दल असते, कधी रात्री धडधाकट झोपलेल्या पोराबद्दल. त्यामागून येणारे अंदाज मात्र ठरलेले असतात: घेतली असेल, बाहेरचे काही लागले असेल, नाही तर नाटक करत असेल. या अंदाजांत वेळ जातो, आणि काही आजारांत तेवढ्याच वेळेत माणूस हातचा जातो.

आपल्यापैकी अनेकजण वस्तीभेटीला येतात, दवाखान्यात रुग्णांपाशी बसतात, प्रार्थना करतात. म्हणून या अंकात एकच गोष्ट समजावून सांगण्याचा प्रयत्न करते. मज्जातंतूला इजा झाली की हातपाय का लुळे पडतात आणि बोलणे का बिघडते, आणि तेव्हा आपण काय करायचे.

बोलणे हे स्नायूंचे काम आहे

आपण "नस" हा शब्द रक्तवाहिनीलाही वापरतो आणि मज्जातंतूलाही. या लेखात मी मज्जातंतूबद्दलच बोलत आहे. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणारी ती तार आहे. हुकूम पोचला तर स्नायू आखडतो आणि हात उचलला जातो. हुकूम पोचला नाही तर स्नायू कितीही दणकट असला तरी गप्प बसतो. बराच काळ हुकूम आला नाही तर तो वाळू लागतो. अंगठ्याच्या बुडाशी खळगा पडलेला हात आपण पाहिला असेल. तो असाच वाळलेला असतो.

बोलण्याचेही तसेच आहे. छातीखालचा पडदा हवा ढकलतो, कंठातील पट्ट्या तिला आवाज देतात, टाळूचा मागचा मऊ भाग नाकाची वाट बंद करतो आणि जीभ, जबडा व ओठ त्या आवाजाचे शब्द करतात. या प्रत्येकाला वेगळ्या मज्जातंतूकडून हुकूम येतो. ओठांचा वेगळा, जिभेचा वेगळा, कंठ आणि टाळूचा वेगळा. श्वासाच्या पडद्याचा तर मानेतून निघून थेट छातीच्या तळाशी उतरतो.

आपली बाराखडी शिकवणाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होते. क, ख, ग, घ जिभेच्या मागच्या भागातून येतात, ट, ठ, ड, ढ जिभेचे टोक वर वळवून आणि प, फ, ब, भ, म ओठ मिटून. म्हणजे वर्णमाला हा तोंडाचा नकाशाच आहे. कोणते अक्षर बिघडले हे नीट ऐकले तर कोणता स्नायू थकला आहे याचा अंदाज येतो. ओठ दुबळे झाले तर "पाणी" आणि "भाकरी" नीट उमटत नाहीत. टाळू ढिला पडला तर हवा नाकातून निसटते, माणूस नाकात बोलतो आणि "बाबा" चे "मामा" होते.

मी रुग्णाला "पटकन" हा शब्द भरभर दहा वेळा म्हणायला सांगते. त्यात ओठांचा प, जिभेच्या टोकाचा ट, जिभेच्या मुळाचा क आणि नाकाचा न असे चारही आले. वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ "प-त-क" असे भरभर म्हणवून हीच तपासणी करतात. शब्द अडखळू लागला, लांबू लागला किंवा दर वेळी अधिक पुसट झाला, तर स्नायूपर्यंत हुकूम नीट जात नाही हे कळते.

याला वैद्यकीय भाषेत डिसार्थ्रिया म्हणतात. यात शब्द मनात तयार असतो, तोंड तो घडवू शकत नाही. मेंदूतील भाषेच्या भागाला इजा झाली तर वेगळे होते. जीभ हलते, पण शब्दच सापडत नाही किंवा भलताच शब्द येतो. त्याला अफेजिया म्हणतात. डिसार्थ्रियाचा रुग्ण आपले सगळे बोलणे समजत असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

बिघाड कुठे झाला, हे वेळ सांगते

तार तीन ठिकाणी बिघडू शकते. तिच्यावरचे आवरण खराब होते, तार स्वतः सुजून दबते किंवा जिथे ती स्नायूला भिडते ते टोक निकामी होते. आमच्या भागात या तिन्हींची उदाहरणे आहेत. त्यांच्यात फरक करण्याची सोपी खूण म्हणजे त्रास वाढायला लागलेला वेळ.

काही तासांत: मण्यार

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. पालावर, शेतातल्या खोपटात, ऊसतोडीच्या कोपीत आमचे लोक जमिनीवरच झोपतात. दंश बहुतेक दुखत नाही, सूज येत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते. मग पापण्या जड होतात, एकाची दोन माणसे दिसू लागतात, बोलणे बोबडे होते, लाळ गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थकतो.

या विषाचा घाव तारेच्या टोकावर पडतो. मण्यारीचे विष ते टोकच नष्ट करते. सर्पदंशावरची लस, म्हणजे प्रतिविष, रक्तात फिरणारे विष निकामी करते, पण नष्ट झालेले टोक परत आणू शकत नाही. ते शरीराला नव्याने उगवावे लागते आणि त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर श्वास यंत्राने चालवावा लागतो. लस लवकर मिळाली तर कमी टोके जातात. म्हणून पहाटेचे दोन तास फार मोलाचे असतात.

नागाचे विष टोक नष्ट करत नाही, स्नायूच्या बाजूची जागा अडवून बसते. त्यामुळे नागाच्या दंशात लसीबरोबर निओस्टिग्मिन नावाच्या इंजेक्शनने बऱ्याचदा लवकर फरक पडतो. मण्यारीत तसा भरवसा नसतो.

आपल्या देशात सर्पदंशाने 2000 ते 2019 या वीस वर्षांत सुमारे 12 लाख माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली होती. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा आणला. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे ध्येय आहे. लस तर आपल्या महाराष्ट्रात, मुंबईच्या परळमधील हाफकिनमध्येही तयार होत आली आहे. अडचण वस्तीपासून लसीपर्यंतच्या वाटेची आहे.

काही दिवसांत: जीबीएस

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. पुढच्या काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या 200 च्या वर गेली, अनेकांना श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले आणि काही दगावले. पुण्याहून सोलापूरला गेलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूची बातमी आल्यावर आमच्या जिल्ह्यातही धास्ती पसरली, कारण इथली कितीतरी माणसे कामासाठी पुण्याला असतात.

हा आजार नवा नाही. 1916 मध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात गुलेन, बॅरी आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांत तो पाहून लिहून ठेवला होता. बहुतेक वेळा आधी जुलाब किंवा सर्दी-ताप येऊन जातो. पुण्यातील काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू आणि नोरोव्हायरस सापडले. दूषित पाणी आणि अर्धकच्चे चिकन ही या जंतूची नेहमीची वाट आहे. शरीर त्या जंतूशी लढण्यासाठी जी हत्यारे तयार करते, ती मज्जातंतूवर चालून जातात, कारण जंतूच्या अंगावरचा एक भाग आणि मज्जातंतूवरचा एक भाग दिसायला सारखे असतात. बहुतेकांत तारेचे आवरण सोलले जाते, काहींत तारेलाच इजा होते.

मग पायांत मुंग्या येतात, जिना चढवत नाही, दोन-चार दिवसांत कमजोरी हातांपर्यंत चढते. पुष्कळ रुग्णांत चेहऱ्याचे स्नायूही ढिले पडतात. हसता येत नाही, शिट्टी वाजत नाही, बोलणे अस्पष्ट होते, घोट घेताना ठसका लागतो. हा टप्पा आला की पुढची भीती श्वासाची असते. यावर रक्तातून दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलण्याचा उपचार आहे. दोन्ही लवकर सुरू केले तर जास्त उपयोगी पडतात. बहुसंख्य रुग्ण सहा महिन्यांत आपल्या पायांनी चालू लागतात. आवरण तुलनेने लवकर भरते, पण आतली तारच तुटली असेल तर ती दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. नातेवाइकांना धीर देताना मी हा हिशेब सांगते.

काही महिन्यांत: कुष्ठरोग

मिशनच्या कामाशी जोडलेल्या वाचकांना हा आजार नवा नाही. 1873 मध्ये नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी त्याचा जंतू शोधला. तो शरीराच्या थंड भागांतील, कातडीजवळच्या मज्जातंतूंत घर करतो. मज्जातंतू सुजतो आणि जिथे जागा अरुंद असते तिथे दबला जातो. कोपराजवळ दबला तर करंगळी आणि शेजारचे बोट वाकडे होते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दबला तर पाऊल लोंबते आणि चप्पल निसटते. चेहऱ्याचा दबला तर पापणी पूर्ण मिटत नाही, कधी ओठाची बाजू सैल पडते आणि प, ब, म ही अक्षरे घसरतात. जीभ मात्र कुष्ठरोगात सहसा शाबूत राहते.

बधिर चट्टा दिसला की प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. बहुऔषधी गोळ्या मोफत मिळतात, 6 किंवा 12 महिन्यांचा कोर्स असतो आणि आजार बरा होतो. हातापायाचा जोर गेल्याला सहा महिने झाले नसतील, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तो पुष्कळदा परत आणता येतो. "बघू पुढच्या हंगामात" म्हटले की ती मुदत निघून जाते.

आणि काही मिनिटांत: लकवा

यात तार ठीक असते, हुकूम देणारा मेंदूच जखमी होतो. तोंड एका बाजूला ओढले जाते, एक हात खाली पडतो, बोलणे एकाएकी बिघडते. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येते. "तोंडावरून वारे गेले" असे आपण दोन वेगळ्या आजारांना म्हणतो. कपाळाला आठ्या पडतात, डोळा मिटतो, पण ओठ वाकडा आहे, तर बहुधा मेंदूचा लकवा आहे. कपाळ, डोळा आणि ओठ असा अर्धा चेहराच ढिला पडला, तर बहुधा चेहऱ्याच्या मज्जातंतूची सूज आहे. हे ठरवण्याचे काम डॉक्टरांचे आहे. आपण दोन्ही वेळी थांबायचे नाही.

दारू समजून सोडलेला माणूस

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. 1952 मध्ये तो कायदा गेला. महाराष्ट्रात फासेपारधी आज अनुसूचित जमातीत आहेत. पण लोकांच्या नजरेतला संशय कायद्याबरोबर गेला नाही. सुशिक्षित घरातला माणूस पहाटे बोबडे बोलू लागला तर लोक "काय झाले?" असे विचारतात. पारधी माणूस तसाच बोलू लागला तर "किती घेतली?" असे विचारतात. हा प्रश्न मी दवाखान्यांच्या दारात ऐकला आहे आणि वस्तीतल्या त्याच्याच भावकीकडूनही ऐकला आहे.

भाषेची आणखी एक अडचण आहे. पारधी घरांत त्यांची स्वतःची, गुजरातीच्या जवळची बोली बोलतात. समोरच्या डॉक्टरांना ती येत नसते, त्यामुळे हा नेहमी असाच बोलतो की आज बोलणे बिघडले आहे, हे त्यांना कळायला मार्ग नसतो. ते सांगू शकतो तो फक्त घरचा माणूस. म्हणून मी बायाबापड्यांना एक वाक्य पाठ करायला लावते: "काल रात्री झोपताना हा नीट बोलत होता, आज सकाळी बोलणं बदललंय." या वाक्यात वेळ आहे आणि बदल आहे. डॉक्टरांना नेमके तेच हवे असते.

दारू प्यालेल्या माणसालाही साप चावू शकतो, म्हणून तोंडाच्या वासावर जाऊ नये. पुढील खुणा पाहाव्यात. दोन्ही पापण्या अर्ध्या मिटल्या आहेत आणि सांगूनही वर उचलत नाहीत का? उताणे झोपवल्यावर मान उशीवरून उचलता येत नाही का? लाळ गळते का? एका श्वासात किती आकडे मोजता येतात? धडधाकट माणूस 30 च्या पुढे सहज जातो. दर थोड्या वेळाने आकडा खाली येत असेल, तर श्वासाचे स्नायू थकत आहेत.

आपण काय करावे

अशा रुग्णाला पाणी, चहा, लिंबू-सरबत काहीही पाजू नका. बोलणारी जीभच गिळण्याचेही काम करते. ती जड झाली असेल तर घोट श्वासनळीत जातो. प्रेमाने पाजलेले पाणी इथे जीव घेऊ शकते.

त्याला कुशीवर निजवा म्हणजे लाळ बाहेर येईल आणि जीभ मागे पडणार नाही. सर्पदंशाचा संशय असेल तर आवळून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. हातपाय हलू देऊ नका. 108 ला फोन करा. गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने लस आणि श्वासाची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. बाबा-भगताकडे जायचे म्हणून वाट वाकडी करू नका.

पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला तर आशाताईंना त्याच दिवशी कळवा. पोलिओ परत आला नाही ना, हे पाहण्यासाठी सरकार अशा प्रत्येक मुलाची नोंद घेते आणि शौचाचे नमुने तपासते. आपल्या देशात पोलिओच्या मूळ (वन्य) विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला. तेव्हापासूनचे यश या नोंदींवर टिकून आहे.

मन जागे असते

आता मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. मण्यारीच्या दंशात किंवा तीव्र जीबीएसमध्ये माणूस डोळे उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही, तरीही आत पूर्ण जागा असू शकतो. खाटेशेजारी चाललेले "आता काही खरं नाही" हे बोलणे त्याला ऐकू येते. म्हणून भेटीला जाल तेव्हा त्याच्याशी बोला. आपण कोण आहोत, आज कोणता वार आहे, घरी सगळे कसे आहेत, ते सांगा. प्रार्थना करायची असेल तर त्याला आधी विचारा आणि बोट किंवा पापणी हलेल का, याची वाट पाहा.

आवाज गेला तरी संवाद थांबत नाही. शुभवर्तमानात जखऱ्याची वाचा गेली तेव्हा त्याने पाटी मागवली आणि बाळाचे नाव लिहिले. आम्हीही पाटी देतो. लिहिता न येणाऱ्यांसाठी पुठ्ठ्यावर चित्रे काढतो: पाणी, दुखते, शौचास, कूस बदला, आई. "हो" साठी एकदा डोळे मिटायचे, "नाही" साठी दोनदा.

पुढे बोलणे सुधारण्यासाठी वाचा-उपचार असतात. हळू बोलणे, एका श्वासात दोन-तीनच शब्द घेणे, अक्षर ठासून उच्चारणे, गिळताना हनुवटी खाली ठेवणे, अशा साध्या सवयींनी फरक पडतो. पण दुबळा स्नायू दमवायचा नसतो. थोडा व्यायाम, मग विश्रांती, असे दिवसातून अनेकदा करावे लागते. मात्र कोणता व्यायाम कोणाला, हे तज्ज्ञांनीच ठरवावे. त्रास कायमचा राहिला तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दोष, तसेच कुष्ठमुक्त व्यक्तींचे अपंगत्व यांना मान्यता आहे. तपासणी करून प्रमाणपत्र मिळवता येते. कागदपत्रे नसलेल्या पारधी कुटुंबांना तिथवर नेणे हाही आमच्या कामाचा भाग आहे.

आपल्याकडे मागणे

मोठ्या यंत्रांची मागणी या अंकात नाही. जमिनीपासून उंच खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी असेल तर मण्यार झोपलेल्या माणसापर्यंत सहसा पोचत नाही. एक बॅटरी असेल तर रात्री पाऊल कुठे पडते ते दिसते. पावसाळ्याआधी आणि ऊसतोडीला टोळ्या निघण्याआधी या तीन वस्तू वस्त्यांवर पोचाव्यात, अशी आमची इच्छा आहे. आपल्या मंडळीत कुणी वाचा-उपचार तज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट असतील, तर महिन्यातला एक दिवस त्यांनी आम्हाला द्यावा. वाहन असणाऱ्यांनी रात्री-अपरात्री फोन उचलण्याची तयारी ठेवावी.

आणि एक गोष्ट पैशाशिवाय होण्यासारखी आहे. आपल्या गल्लीत, बसस्थानकावर, दवाखान्याच्या बाकावर कुणी बोबडे बोलताना दिसले, तर नाक मुरडण्याआधी शेजारी बसा आणि विचारा, "काल नीट बोलत होता ना?"

प्रभूमध्ये आपली भगिनी,
आरोग्य विभाग, धाराशिव जिल्हा